आरतीत चुकलेला ठोका

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हवी तर पैज लावा. मुरलीधर बोरस्ते यांच्या तोंडून निघाली असती, तर नाशकातल्या शेंबड्या पोरांनीसुद्धा ती हसण्यावारी नेली असती. कारण मुरलीनाना म्हणजे थापांचा कारखाना, तिन्ही पाळ्या चालणारा. गंगापूर धरणाच्या भिंतीवर त्यांनी बिबट्या नुसत्या खाकरण्यानं पळवला होता. एका मंत्र्याला द्राक्षांच्या टेम्पोत लपवून मोर्च्यातून सुखरूप बाहेर काढलं होतं, आणि त्या मंत्र्यानं उतरताना अर्धी पेटी द्राक्षं खाल्ली म्हणून त्याच्याकडून पैसेही वसूल केले होते. पण ही गोष्ट नानांनी रचलेली नाही. ही त्यांच्यावरच येऊन आदळली.

साल दोन हजार तेहतीस. तेव्हा नाशकात द्राक्षांचा भाव कुणी कुणाला विचारत नव्हतं. मिसळीच्या टेबलावर समोरचा रश्श्याची वाटी ओतून घेताना विचारायचा, "तुमचं कशात आहे? पॅराशूट की रडार?" सातपूर, अंबड, सिन्नरच्या गाळ्यागाळ्यांतून पोरंपोरी सैन्यासाठी काही ना काही बनवत होती. कुणी ड्रोनची पाती, कुणी अंधारात दिसणारे चष्मे, कुणी वाळवंटात न तापणारी बॅटरी. आणि निवृत्त मंडळी फंडातले पैसे घेऊन त्या गाळ्यांपुढे उभी राहत होती, पूर्वी प्लॉटवाल्यांच्या ऑफिसपुढे राहायची तशी. कॉलेज रोडचा सलूनवाला दाढी करता करता क्षेपणास्त्राच्या टोपणाबद्दल सल्ला देई, आणि गिऱ्हाईक गळ्याशी वस्तरा असल्यामुळे तो मान्य करी.

नानांची भिशी नऊ जणांची. सगळे सातपूरच्या एकाच बेअरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भिशी म्हणजे दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्यानं ती रक्कम उचलायची. तिथं नानांनी एक दिवस टूम काढली. भिशी कुणी उचलायची नाही. सगळी रक्कम, आणि वर प्रत्येकाची थोडी पुंजी, एकाच कंपनीत घालायची. कंपनीचं नाव 'कानोसा'. मालकीण केतकी मोगल, नानांची सख्खी भाची.

"सैन्यातला एक जनरल माझ्या घरी चहाला येऊन गेला," नानांनी आवाज खाली आणून सांगितलं. "म्हणाला, बोरस्ते, ही पोरगी देशाचं नशीब काढणार. पण कुणाला बोलू नका."

"जनरल साखर किती घेतो?" दिगंबर गायधनीनं विचारलं.

"बिनसाखरेचा."

"मागच्या रविवारी दोन चमचे म्हणाला होतास."

"मधल्या काळात त्याला डायबेटिस झाला. तुला काय करायचंय दिग्या? सैन्याची गुपितं आहेत ही!"

दिगंबर म्हणजे नानांचा चाळीस वर्षांचा मित्र आणि तेवढ्याच वर्षांचा छळ. कारखान्यात तो इन्स्पेक्शनला होता. त्यानं नापास केलेल्या बेअरिंगांची रास घातली असती तर पांडवलेण्यांच्या शेजारी दुसरा डोंगर उभा राहिला असता. मोठ्या साहेबानं गयावया केली तरी वाकड्या मालावर त्याचा शिक्का पडला नाही, आणि त्यापायी दोन बढत्याही हुकल्या. भिशीत पैसे घालण्याआधी तो स्वतः अंबडच्या गाळ्यात गेला, भिंग लावून जोडकाम पाहिलं, आणि म्हणाला, "मुरल्या खोटारडा आहे, पण पोरीचं काम स्वच्छ आहे." झालं. दिग्या हो म्हणाला म्हणजे बाकीचे हो म्हणणारच. भिशीतर्फे कंपनीच्या संचालक मंडळावरही त्यालाच बसवलं.

आता हे यंत्र काय होतं ते केतकीनं म्हाताऱ्यांना कसं समजावलं, ते ऐका.

"काका, तुम्ही घरात बसलेले असता. जिन्यात पावलं वाजतात. न बघता तुम्हांला कळतं ना, बायको आली की मुलगा?"

"बायको आली की जास्त लवकर कळतं," पोपटराव देवरे म्हणाले. हे भिशीचे खजिनदार.

"तसंच. हृदयाचा ठोका पडला की छाती केसभर पुढे येते. केसभरसुद्धा नाही, त्याहून कमी. हे यंत्र रेडिओलहरी सोडतं. त्या भिंतीतून जातात, छातीवर आपटतात आणि परत येतात. छाती केसभर हलली की परत येणाऱ्या लहरीत तेवढाच फरक पडतो. तो फरक मोजला की पलीकडच्या माणसाचा ठोका इकडे बसून ऐकता येतो. आणि प्रत्येकाच्या हृदयाची चाल वेगळी असते. झडपा उघडायची घाई, मिटायचा आळस, सगळं ज्याचं त्याचं. अंगठ्याच्या ठशासारखं."

उपयोग सरळ होता. चौकीपलीकडच्या झुडपात कुणी हललं, तर तो आपला वाट चुकलेला जवान आहे की दुसराच कुणी, हे गोळी सुटण्याआधी कळावं. आपल्या जवानांचे ठसे यंत्रात आधीच भरलेले. ओळखीचा ठोका आला की हिरवा दिवा. आपल्याच माणसाच्या हातून आपला माणूस जाऊ नये, एवढ्यासाठी केतकीनं चार वर्षं घातली होती. तिचा भाऊ सैन्यात होता. तो अशाच एका रात्रीत गेला होता, आणि त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी देवळालीला सैन्याच्या मंडळापुढे अखेरची चाचणी होती. त्याआधीचे पंधरा दिवस यंत्र बंद ठेवायचं. कुणाही नागरिकावर चालवायचं नाही, हा कडक नियम. माणसांच्या छातीतलं असं चोरून ऐकायला लागलं तर उद्या कुणाचं काय खाजगी राहील? म्हणून चाचणीपूर्वी सैन्याचं मंडळ कंपनीच्या संचालकाला समोर उभं करून विचारणार होतं, या काळात यंत्र चालू झालं होतं का? आणि उत्तर द्यायला भिशीनं नेमलेला माणूस होता दिगंबर गायधनी.

मग आली खंडेनवमी. या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद ठेवायची, पुसायची, तेलपाणी करायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. सुट्टी माणसाला तशी यंत्राला. केतकीनं कानोसाला झेंडूचा हार घातला, आणि विसरलेला कापूर आणायला ती बाहेर गेली. नऊ म्हातारे यंत्रापुढे हात जोडून, टोप्या सारख्या करत उभे राहिले. नानांच्या मनात आलं, एवढी आरती म्हणायची आणि देव झोपलेला? आपण बेंबीच्या देठापासून ओरडणार आणि त्याला ऐकू जाणार नाही? त्यांनी हार नीट करण्याचं निमित्त केलं आणि बटण दाबलं. दिवा लागला, तो झेंडूच्या फुलाआड गेला. केतकी परतल्यावर आरती झाली, प्रसाद झाला. पेढे खाण्याच्या नादात बटण बंद करायचं मात्र नाना विसरले.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सकाळी केतकीचा फोन आला. "मामा, गाळ्यावर या. एकटे या."

नाना गेले. केतकी खुर्चीत नव्हती, उभीच होती.

"आरतीला मशीन कुणी चालू केलं?"

"देवीनं."

"मामा!"

"मी."

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर नऊ रेषा होत्या. म्हातारे कधी नव्हे ते निश्चल उभे होते, त्यामुळे रेषा सुरेख आल्या होत्या. आठ रेषा डोंगररांगेसारख्या चालल्या होत्या. नववी मध्येच सपाट होत होती.

"मला आधी वाटलं टाळ्यांचा गोंधळ असेल. पण गोंधळ असता तर नऊच्या नऊ रेषांत दिसला असता. हे बघा. ठोका, ठोका, ठोका, आणि मग काहीच नाही. हृदय थांबलंय. मग आठवण झाल्यासारखं परत सुरू."

क्षणभर नानांना वाटलं, ही रेष आपलीच असावी. तसं असतं तर फार सोपं झालं असतं.

"कुणाची आहे?"

"गायधनी काकांची. आरतीला ते उजव्या टोकाला उभे होते, ही रेष तिथलीच. नाव न सांगता मी डॉक्टर मैत्रिणीला दाखवली. ती म्हणाली, हा माणूस आत्ता कुठे आहे? जिन्यावर असेल तर खाली बसवा. हे थांबणं जरा लांबलं की संपलं. आणि इलाज साधा आहे, पेसमेकर बसवायचा. पण आज. मामा, काका उद्या पहाटे अंजनेरी चढणार आहेत ना?"

नानांच्या डोळ्यांपुढे पांडवलेण्यांच्या पायऱ्या आल्या. रोज सकाळी दोघं तिथं चढत. हल्ली दिग्या मध्येच कठडा धरून थांबायचा आणि म्हणायचा, "बघ रे मुरल्या, इथून आग्रा रोड किती छान दिसतो!" धुकं असलं तरी त्याला आग्रा रोड दिसायचा.

"मी काकांना खरं सांगते," केतकी म्हणाली. "मशीन चालू झालं, तुमची रेष दिसली, दवाखान्यात चला."

"आणि मंगळवारी मंडळ त्याला विचारेल तेव्हा?"

दिगंबर गायधनी काय उत्तर देईल हे दोघांनाही ठाऊक होतं. पलंगावरून उठून, सलाइनची बाटली हातात धरून, तो देवळालीला जाईल आणि म्हणेल, होय, चालू झालं होतं. कानोसा बाद. पुन्हा दार उघडायला दोन वर्षं, आणि गाळ्याकडे दोन महिने काढायचीही ताकद उरलेली नव्हती.

"गेली तर जाऊ दे कंपनी," ती म्हणाली, पण म्हणताना तिचा हात यंत्राच्या हारावर होता. "मी आतली नोंद पुसणार नाही. शंका आली तर मंडळ ती बघेल. मी खोटं बोलणार नाही, मामा."

"तू कशाला बोलतेस? खोटं बोलायला मी आहे ना! कंपनी तुझी एकटीची नाही बाई. देवऱ्याच्या नातीचं शिक्षण त्यात आहे. आठ म्हाताऱ्यांना मी जनरलचा चहा पाजून त्यात ढकललंय." नाना चपला घालू लागले, उलटसुलट. "दिग्या दवाखान्यात पोचेल. आणि त्याला काही कळणारही नाही. माझ्यावर सोड."

बाहेर पडले खरे, पण पाय एका जागी ठरेनात. रिक्षात बसले, उतरले, दुसरी केली. बिनचालकाच्या रिक्षानं गोड आवाजात विचारलं, "कुठे जायचं?" तर तिलाच म्हणाले, "ते कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" रस्त्यात माणसं एकमेकांना आपट्याची पानं देत होती, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. नानांना मात्र दिसायच्या नुसत्या छात्या. पानवाला हसला तर वाटलं, याचं कसं चाललंय? सिग्नलला उभ्या असलेल्या पोलिसाकडे ते इतका वेळ बघत राहिले, की त्यानं शर्टाची बटणं तपासली. एवढ्या माणसांच्या आत एवढं काही चाललेलं असतं, आणि आपण आयुष्यभर त्यांना थापाच ऐकवत आलो! त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. आपली रेष कशी आहे, हे आपण पोरीला विचारलंच नाही. आणि परत जाऊन विचारण्याइतकं धैर्य नव्हतं.

त्यांनी दिगंबरला फोन लावला.

"दिग्या, भिशीतर्फे सगळ्यांची फुकट तपासणी ठेवलीय, आज."

"दसऱ्याला? कुठल्या डॉक्टरनं?"

"जर्मनीचा आहे. त्यांच्यात दसरा नसतो."

"नाव काय त्याचं?"

नानांना एकही जर्मन नाव आठवेना. "ते... सांगत नाही तो कुणाला."

"मुरल्या, थापा मारायची तुझी धार गेली बघ. सोनं द्यायला ये. हिनं श्रीखंड केलंय."

नाना गेले. प्रमिलावहिनींनी पाट मांडला होता. दारात अंजनेरीसाठी काढून ठेवलेले बूट आणि काठी दिसत होती. दिगंबर सोनं द्यायला उठला, उठता उठता टेबलाला धरून थांबला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "झेंडू काय फुललाय रे!" खिडकीबाहेर वीजमंडळाचा डीपी होता.

नानांनी आपट्याची पानं टाकली, छाती धरली आणि खाली बसकण मारली.

"वहिनी... गेलो!"

थापेसाठी नानांनी आजवर जीभ वापरली होती, आज सगळं अंग वापरलं. डोळे फिरवले, घाम येईना म्हणून हळूच तांब्यातलं पाणी कपाळाला लावलं. दिगंबरचा चेहरा पांढरा पडला. "प्रमिला, किल्ली!" तो ओरडला. नाना उठले ते थेट गाडीच्या चालकाच्या दारापुढे आडवे झाले. "तू नको चालवूस! वहिनींना चालवू दे! तू माझा हात धर!" मरणाऱ्या माणसाला या भांडणाची एवढी ताकद कुठून आली, हे विचारायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. वाटभर दिगंबर त्यांचा हात धरून बसला होता. "मुरल्या, बोल काहीतरी. थाप मार. जनरलचं सांग," तो म्हणत होता. नानांना त्याच्याकडे बघवेना.

दवाखान्यात डॉक्टर नेहते यांनी तारा जोडल्या, ईसीजीची पट्टी काढली. "काका, तुमचं तर एकदम व्यवस्थित आहे."

"व्यवस्थित कसं? मला भीती वाटतेय. ह्यालाही जोडा."

"कुणाला?"

"माझ्या मित्राला. तो शेजारी झोपला तरच मी पडून राहीन. नाहीतर हा निघालो." आणि नाना तारांसकट खरोखरच पलंगावरून उतरायला लागले. मशीन कोकलायला लागलं, नर्स धावली, पलीकडचा पेशंट उठून बसला.

"जोडा हो मला," दिगंबर कंटाळून म्हणाला. "लहानपणी इंजेक्शन घेतानाही ह्याचं असंच असणार."

डॉक्टरांनी हसत तारा जोडल्या. हसत पडद्याकडे पाहिलं. मग हसायचे थांबले. पडद्यावर एक रेष सरळ चालली होती, चालली होती, चालतच होती. दिगंबरनं डोळे मिटले, जणू समोर आग्रा रोड फारच छान दिसत होता. मग एक ठोका पडला, पाठोपाठ दुसरा. तोवर डॉक्टरांनी दोन माणसांना हाक मारली होती.

"काका, आता या पलंगावरून उठायचं नाही. संध्याकाळी छोटं ऑपरेशन. वेळेवर आलात. उद्या आला असतात तर..." प्रमिलावहिनी भिंतीला टेकल्या.

दुपारी अख्खी भिशी खिशात आपट्याची पानं घेऊन हजर झाली. नर्सनं दोघांनाच आत सोडते म्हटलं आणि सातही जण आत शिरले. पाठोपाठ केतकी आली. दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. दिगंबरच्या मानेजवळून तात्पुरत्या पेसमेकरची तार आत गेली होती आणि पडद्यावरची रेष आता कवायतीत चालल्यासारखी चालली होती.

"मुरल्या," तो म्हणाला, "तुझी पट्टी सरळ आली. म्हणजे तुला काही झालं नव्हतं. गाडी मला चालवू दिली नाहीस. मला तारा जोडायला लावल्यास. माझ्या आतलं तुला कसं कळलं?"

सगळे नानांकडे बघू लागले. दारातून केतकीही. तिचे ओठ हलले, आता ती बोलणार होती. नानांनी तिच्याआधी तोंड उघडलं.

"तुम्हांला खरं वाटणार नाही," ते म्हणाले. "आज पहाटे स्वप्नात सप्तशृंगी आली. अठरा हात. एका हातात शंख, एकात चक्र, आणि एक हात तिनं असा छातीवर ठेवला. म्हणाली, 'गायधनी माझा भक्त आहे, नवमीला मोठ्यानं आरती म्हणाला, पण त्याचा ठोका माझ्या कानाला चुकलेला लागला. आज सोनं लुटायच्या आत त्याला दवाखान्यात पोचव.' मी काय करणार? मी नुसता झोपलेलो. मी म्हटलं, आई, मला काही जमायचं नाही. तर म्हणाली, 'तू फक्त जमिनीवर पड, बाकीचं मी बघते.' पडायला लावलं तिनं, जोडायला लावलं तिनं. मी कोण? मी नुसता निरोप्या."

देवऱ्यांनी हात जोडले होते. कुणीतरी म्हणालं, "दिग्या बरा झाला की वणीला जाऊन ओटी भरू." प्रमिलावहिनींनी पदरानं डोळे पुसले. एवढी पचलेली थाप नानांनी उभ्या जन्मात मारली नव्हती. मंगळवार डोळ्यांपुढे मोकळा दिसू लागला, देवळालीचं मंडळ, दिग्याचं निर्मळ मनानं दिलेलं उत्तर, हिरवा दिवा. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. या वेळी तो खरा होता.

"खोटं," दिगंबर म्हणाला.

"अरे, देवीचं नाव घेऊन मी..."

"देवीला मी काही म्हणत नाही. तुला म्हणतोय." तो उशीवरून मान न हलवता बोलत होता, पण आवाज इन्स्पेक्शनच्या टेबलामागचा होता. "चाळीस वर्षं तुझा माल तपासतोय मुरल्या. थाप कुठलीही असो, तू सगळ्यांत पुढे छाती काढून उभा असतोस. ह्या थापेत तू झोपलेलास, तुला काही जमत नाही, तू कोण, तू नुसता निरोप्या. हे तुझं नाही." त्याची नजर नानांच्या खांद्यावरून मागे गेली, भिशीच्या टोप्यांमधून, थेट दारापर्यंत. "आज कुणाला पाठीमागे लपवून तू पुढे उभा राहिलायस?"